ज्याला घर उरले नाही असा गायक : आयव्हर गर्नी

शब्बाथशाळेत शौल राजाची गोष्ट शिकविताना आपण दावीदाच्या वीणेवर भर देतो. राजाचे मन अस्वस्थ होई, त्याला कशानेच चैन पडेनासे होई, तेव्हा तो मेंढपाळाचा मुलगा येऊन वीणा वाजवी आणि राजाला आराम पडे. ही गोष्ट आम्ही स्वतः अनेक वर्षे वर्गात सांगत आलो. परंतु एका रविवारी वर्गातील एका मुलीने विचारले की, वीणा वाजविणाराच तसा आजारी पडला तर त्याच्यासाठी कोण वाजवील? त्या दिवशी आम्हांला उत्तर सुचले नाही. ह्या लेखात ज्याचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत तो अशांपैकीच एक होता. त्याने मंदिरात गाइले, मंदिरांत ऑर्गन वाजविला, तीनशेच्या वर गीतांना चाली दिल्या. आणि आयुष्याच्या ऐन भरात तो रस्त्यावर झोपला, व पुढे पंधरा वर्षे मनोरुग्णालयाच्या भिंतींत राहून तेथेच वारला. त्याचे नाव आयव्हर बर्टी गर्नी. पुढे आम्ही त्याचा उल्लेख एकेरीनेच करणार आहोत, कारण ज्या थोड्या लोकांनी त्याला अखेरपर्यंत सोडले नाही त्यांच्या तोंडी तो आयव्हरच होता.

इंग्लंडच्या पश्चिमेस सेव्हर्न नदीच्या काठी ग्लॉस्टर नावाचे जुने शहर आहे. तेथे २८ ऑगस्ट १८९० रोजी एका शिंप्याच्या घरी आयव्हरचा जन्म झाला. दुकान खाली, बिऱ्हाड वर, अशी राहणी. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला पुरेसे धर्मपिते नव्हते, म्हणून त्या मंदिराचे तरुण साहाय्यक पाळक रेव्हरंड आल्फ्रेड चीझमन हेच धर्मपिता म्हणून उभे राहिले. अशा वेळी पाळकाने उभे राहणे म्हणजे पुष्कळदा नोंदवहीतील रकाना भरण्यापुरते असते. चीझमनसाहेबांनी मात्र ते नाते खरे मानले. ते अविवाहित होते आणि त्यांच्या घरी पुस्तके पुष्कळ होती. आयव्हर मोठा होऊ लागला तसा तो त्यांच्या घरी जाऊन तासन्‌तास वाची आणि पाळकसाहेब त्याच्याकडून मोठ्याने कविता वाचवून घेत. शिंप्याच्या मुलाला इंग्रजी काव्याचा दरवाजा असा उघडला. ह्या पाळकांची गाठ आपल्याला लेखाच्या शेवटी पुन्हा पडणार आहे.

१९०० साली आयव्हर ग्लॉस्टर कॅथीड्रलच्या गायकवृंदात दाखल झाला. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाच्या क्रमाप्रमाणे तेथे स्तोत्रसंहितेतील एकशेपन्नास स्तोत्रे दर महिन्याला एकदा पुरी होतात. म्हणजे स्तुतीची स्तोत्रे जशी ह्या मुलाच्या तोंडी बसली तशी विलापाचीही बसली असतील, आणि ज्या अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो तेही. आवाज फुटल्यावर तो कॅथीड्रलचे ऑर्गनवादक डॉ. हर्बर्ट ब्रूअर ह्यांच्या हाताखाली शिकू लागला. हर्बर्ट हॉवेल्स हाही तेथेच शिकत होता. पुढे तो चर्चसंगीताचा मोठा रचनाकार झाला. ह्या काळात आयव्हरने आसपासच्या मंदिरांत ऑर्गन वाजविण्याची कामे केली. त्यांत ग्लॉस्टरच्या धक्क्याजवळचे खलाशांचे मंदिरही होते. परंतु स्वभाव सरळ व तापट, त्यामुळे कोठे फार दिवस टिकणे त्याला जमत नसे.

सप्टेंबर १९१० मधील एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. कॅथीड्रलमधील संगीतमहोत्सवात राल्फ व्हॉन विल्यम्स ह्यांची एक नवी रचना प्रथमच वाजविली गेली. थॉमस टॅलिसने सोळाव्या शतकात स्तोत्रांसाठी केलेल्या एका चालीवर ती बांधली होती. (आपल्या शहरी मंडळ्यांतून संतांविषयीचे जे इंग्रजी गीत सिने नॉमिने ह्या चालीवर गातात, त्या चालीचे कर्ते हेच व्हॉन विल्यम्स.) ती रचना ऐकून आयव्हर आणि हॉवेल्स इतके भारावून गेले की, घरी जाऊन झोपणे दोघांनाही शक्य झाले नाही आणि रात्रभर ते ग्लॉस्टरच्या रस्त्यांतून चालत राहिले. हा आनंदाचा जागर होता. पुढे आयव्हरने रात्री रस्त्यांवर अनेकदा काढल्या, त्या मात्र निराळ्या.

१९११ साली वर्षाला चाळीस पौंडांची शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये गेला. त्याची हस्तलिखिते आणि चष्म्यामागचा चेहरा पाहून परीक्षकांना शूबर्टची आठवण झाली आणि कॉलेजात त्याचे तेच टोपणनाव पडले. त्याचे गुरू सर चार्ल्स स्टॅनफर्ड पुढे म्हणत की, आपल्या साऱ्या शिष्यांत मूळ देणगी ह्याचीच मोठी होती, पण शिकविणे सर्वांत अवघड होते तेही ह्यालाच. कॉलेजातच त्याची ओळख कुमारी मॅरियन स्कॉट ह्यांच्याशी झाली. त्या व्हायोलिन वाजवीत, संगीतावर लिहीत, वयाने त्याच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठ्या होत्या आणि प्रकृतीने नाजूक होत्या. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१९१३ साली त्याचे मन प्रथम ढासळले. काम होईना, झोप येईना, खिन्नता सरेना. तेव्हा तो लंडन सोडून सेव्हर्नकाठच्या फ्रॅमिलोड ह्या खेड्यात गेला, होडी वल्हविली, अंगमेहनत केली आणि काही महिन्यांत सावरला. ह्या गोष्टीला महत्त्व आहे, कारण त्याचा आजार केवळ युद्धाने दिला असे पुष्कळ दिवस मानले गेले. महायुद्ध सुरू होण्यापूर्वीच त्याचा पहिला झटका येऊन गेला होता. आजचे जाणकार त्याच्या दुखण्याला एकच नाव देत नाहीत. काहींच्या मते ते उन्माद आणि खिन्नता ह्यांच्यात झोके घेणारे, म्हणजे द्विध्रुवी, मनोविकाराचे होते. सावरल्यानंतर लगेचच, १९१३-१४ च्या सुमारास, त्याने जुन्या इंग्रजी कवींच्या पाच गीतांना चाली दिल्या. त्यांतील निद्रेला आळविणारे स्लीप हे गीत आजही गायले जाते.

युद्ध सुरू होताच तो भरतीसाठी गेला. दृष्टी अधू म्हणून त्याला परत पाठविले. १९१५ च्या फेब्रुवारीत त्याला घेतले आणि मे १९१६ मध्ये साधा शिपाई म्हणून तो फ्रान्सला पोहोचला. आश्चर्य असे की, सैन्यातील शिस्त, सोबत आणि ठरलेल्या वेळी मिळणारे जेवण ह्यांमुळे आरंभी त्याचे मन पूर्वीपेक्षा स्थिर राहिले. खंदकात पियानो नव्हता, तरी त्याने तेथे गीतांना चाली बांधल्या. तोफेसाठी खणलेल्या एका मोडक्या खड्ड्यात बसून मेसफील्डच्या कवितेला दिलेली चाल त्यांतीलच एक. लिहिलेले सर्व तो मिस स्कॉट ह्यांच्याकडे पाठवी. त्या ते टंकलिखित करून ठेवीत, आणि १९१७ च्या अखेरीस त्यांच्याच खटपटीने त्याचा पहिला कवितासंग्रह छापून निघाला.

१९१७ च्या उत्तम शुक्रवारी त्याच्या दंडात गोळी शिरली. तीनच दिवसांनी, पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या सोमवारी, तेथून बऱ्याच अंतरावर आरास येथे एडवर्ड टॉमस हा कवी तोफगोळ्याने मरण पावला. दोघे एकमेकांना ओळखत नव्हते, पण टॉमसच्या कविता आयव्हरला अतिशय प्रिय झाल्या आणि त्याने त्यांतील अनेकांना चाली दिल्या. ह्या धाग्याला पुढे एक गाठ बसायची होती.

हाताची जखम भरली. सप्टेंबरात बेल्जियममध्ये त्याला विषारी वायू लागला आणि इस्पितळात पाठविण्यात आले. तेथील एका परिचारिकेवर त्याचे मन जडले. ते नाते १९१८ साली तुटले. त्याच वर्षी मार्चमध्ये आपण बीथोव्हेनच्या आत्म्याशी बोललो असे त्याने पत्रातून कळविले. जूनमध्ये त्याने मित्रांना निरोपाची पत्रे लिहिली. स्वतःचा जीव घेण्याचा विचार त्याने केला होता, पण सुदैवाने तो अमलात आला नाही. ऑक्टोबरात सैन्याने त्याला मोकळे केले आणि आठवड्याला बारा शिलिंग निवृत्तिवेतन ठरवून दिले. पूर्ण वेतन नाही, कारण सरकारच्या मते त्याचा आजार सैन्यसेवेने वाढला असला तरी जडला नव्हता. कागदोपत्री हे कदाचित खरेही असेल. पण बारा शिलिंगांत भाड्याची खोलीसुद्धा धड निभत नसे.

ह्यानंतरची चार वर्षे हा त्याच्या चरित्रातील सर्वांत विलक्षण काळ आहे. एकीकडे त्याच्या हातून जेवढे उत्तम काम झाले तेवढे पूर्वी झाले नव्हते. कॉलेजात तो पुन्हा दाखल झाला आणि आता त्याचे गुरू होते व्हॉन विल्यम्स. १९१९ साली दुसरा कवितासंग्रह निघाला. हाय विकम गावच्या मंदिरात त्याने पुन्हा ऑर्गन वाजविला. दुसरीकडे त्याला एका जागी राहवेना. वडील १९१९ च्या मे महिन्यात वारले. ग्लॉस्टरच्या घरी तो कधी येई, कधी जाई, हे घरच्यांना कळेनासे झाले. कधी दिवसेंदिवस उपाशी राही, तर कधी समोर येईल ते सारे संपवी. लंडनहून ग्लॉस्टरकडे तो पायी निघे. गोठ्यात किंवा गवताच्या गंजीत झोपे आणि वाटेतल्या खानावळींत लोकगीते गाऊन भाकरीपुरते मिळवी. लंडनमध्ये खोली नसे तेव्हा टेम्स नदीच्या बांधावर, इतर बेघर माणसांच्या रांगेत, तोही आडवा होई. रॉयल कॉलेजचा हा विद्यार्थी, दोन पुस्तकांचा कवी, सकाळी उठून कोटावरची धूळ झटकी आणि खिशातील कागदावर चाल लिही.

नोकऱ्या त्याने धरल्या नाहीत असे नाही. त्याने शेतावर काम केले, बर्फघरात ओझी उचलली, मूकपटाच्या थिएटरात पियानो वाजविला. १९२२ साली मित्रांच्या शब्दाखातर ग्लॉस्टरच्या आयकर कचेरीत त्याला जागा मिळाली, ती बारा आठवडे टिकली. आळशी होता असे म्हणणाऱ्याने त्या चार वर्षांतील त्याच्या गीतांची व कवितांची संख्या पाहावी. आजारी मनाच्या माणसाला काम मिळवून देणे हे मदतीचे एक टोक असते. काम सुटल्यावरही त्याला दार उघडे ठेवणे हे दुसरे टोक, आणि ते अधिक जड असते.

१९२२ च्या सप्टेंबरात तो न बोलावता धाकटा भाऊ रोनाल्ड ह्याच्या घरी जाऊन राहिला. रोनाल्डचे नुकतेच लग्न झाले होते. आयव्हरला वाटे की, विजेच्या लहरी आपल्या डोक्यात शिरतात आणि छळतात, म्हणून तो डोक्यावर उशी धरून बसे. (बिनतारी ध्वनिलहरींचे तेव्हा सगळीकडे नवल होते, आजाऱ्याचे भय आपल्या काळाचीच वस्त्रे नेसते.) पोलीस ठाण्यात जाऊन त्याने स्वतःला मारण्यासाठी पिस्तूल मागितले. अखेर रोनाल्डने डॉक्टरांना बोलावले आणि २८ सप्टेंबर १९२२ रोजी आयव्हरला वेडा ठरवून ग्लॉस्टरजवळील बार्नवुड हाउस येथे ठेवण्यात आले. तेव्हा त्याचे वय बत्तीस होते.

रोनाल्डविषयी चरित्रकार फारसे बरे लिहीत नाहीत. आम्हांला मात्र त्याच्यावर दगड उचलवत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत एक गृहस्थ पेटी वाजवीत असत. त्यांच्या हातात सूर असा होता की, नवीन गीतही मंडळी पहिल्याच रविवारी गाऊ लागे. पुढे त्यांचे मन बिघडले. एका रविवारी पाळकसाहेब प्रार्थना करीत असतानाच त्यांनी मध्येच मोठ्याने गीत सुरू केले आणि थांबवूनही थांबले नाहीत. पंचकमिटी बसली. पेटीला कुलूप घालावे असा ठराव झाला, आणि त्या ठरावावर आमचीही सही आहे. पुढे दोन-तीन वर्षे ते बसस्टँडच्या बाकावर बसलेले दिसत, बोटे गुडघ्यावर चालत असत. आम्ही कधी पैसे दिले, कधी घाईत असल्याचे दाखवून पुढे गेलो. नंतर ते दिसले नाहीत. म्हणून रोनाल्डने काय करावयास हवे होते हे आम्ही सांगणार नाही.

बार्नवुडमधून आयव्हर पळून गेला आणि पुन्हा धरून आणला गेला. ग्लॉस्टर जवळ असल्यामुळे त्याचे मन तिकडे ओढ घेई, म्हणून डिसेंबरात त्याला लंडनच्या पलीकडे, केंट परगण्यातील डार्टफर्डच्या मनोरुग्णालयात हलविले. ज्याला सेव्हर्नचे पाणी आणि कॉट्सवोल्डच्या टेकड्या ह्यांवाचून जगता येत नव्हते, त्याला त्या पुन्हा कधीच दिसल्या नाहीत. जानेवारी १९२३ मध्ये तो तेथूनही निसटला आणि लंडनमध्ये आपले गुरू व्हॉन विल्यम्स ह्यांच्या दारी गेला. त्यांना इस्पितळाला कळवावे लागले. त्या रात्री त्या भल्या माणसाच्या मनात काय चालले असेल ते देव जाणे. पण एवढे खरे की, त्यांनी ह्या शिष्याला नंतर विसरून टाकले नाही. ते व त्यांच्या पत्नी त्याला भेटावयास डार्टफर्डला जात आणि त्याच्या खर्चालाही ते हातभार लावीत.

डार्टफर्डच्या पहिल्या तीन-चार वर्षांत त्याने शेकडो कविता लिहिल्या आणि अनेक गीतांना चाली दिल्या. पोलिसांना, विद्यापीठांना, अनोळखी बड्या लोकांना त्याने विनंतीपत्रे लिहिली, की मला सोडवा, नाहीतर मरण द्या. ह्या काळातील एका कवितेचे नाव टु गॉड असे आहे. तीत त्याने देवालाच जाब विचारला आहे. काही भाविकांना ती वाचवत नाही. आमचे मत निराळे आहे. ईयोबाने राखेत बसून जे म्हटले ते पवित्र शास्त्रात ठेवण्यात आले आहे, आणि त्याच्या मित्रांनी देवाची बाजू घेऊन जी सुबक उत्तरे दिली त्यांबद्दल देवाने त्यांनाच दोष दिला. लहानपणी ज्याने दर महिन्याला विलापाची स्तोत्रे गाइली त्याने मोठेपणी विलाप करावा ह्यात अश्रद्धा कोठे आली? जाब विचारण्यासाठी का होईना, तो त्याच दाराशी आला होता.

ह्या साऱ्या काळात मिस स्कॉट नेमाने येत राहिल्या. लंडनहून डार्टफर्डला जावयाचे, डॉक्टरांशी बोलावयाचे, परवानगी मिळाली की आयव्हरला मोटारीतून रॉचेस्टर, ग्रेव्हझेंड अशा गावांकडे फिरवून आणावयाचे, कधी लंडनला नाटक दाखवावयाचे, असे त्यांनी एकदोन नव्हे तर पंधरा वर्षे केले. त्याने लिहिलेला प्रत्येक चिटोरा त्यांनी राखून ठेवला. कितीतरी पाने डॉक्टरांच्या दृष्टीने केवळ आजाराची लक्षणे होती, आणि काही खरोखरच तशी होती. आपण शेक्सपियरची नाटके लिहिली, बीथोव्हेनचे संगीतही आपलेच, असे तो पुढे पुढे म्हणू लागला होता. पण कोणते पान आजाराचे आणि कोणते देणगीचे हे ठरविण्याची घाई मिस स्कॉट ह्यांनी केली नाही. सगळेच ठेवले. कागद त्या कोणाच्या हाती सहजासहजी देत नसत, अशी तक्रार पुढे झाली, आणि ती खोटी नाही. परंतु त्यांनी ते जपले नसते तर तक्रार करण्यासाठीही काही उरले नसते.

१९२६ नंतर त्याच्या हातून नवे गीत उतरणे जवळजवळ थांबले. आणखी सहा वर्षे गेली. १९३२ च्या सुमारास मिस स्कॉट ह्यांनी हेलन टॉमस ह्यांना बरोबर आणले. युद्धात पडलेला जो कवी एडवर्ड टॉमस, त्याची ही विधवा. लांबलचक ओवऱ्या, कुलपे, किल्ल्या, उंच खिडक्या पाहून त्या पहिल्या भेटीत हादरून गेल्या. त्यांनी फुले नेली होती. आयव्हरने त्यांच्यासाठी पियानो वाजविला. घरी परतल्यावर त्या विचार करीत राहिल्या की, ह्याला असे काय न्यावे की जे खरोखर त्याचे आहे? पुढच्या खेपेस त्यांनी आपल्या पतीचे सर्वे खात्याचे नकाशे बरोबर घेतले, ग्लॉस्टर परगण्याचे, पायवाटा, ओढे आणि वाड्या दाखविणारे. एडवर्ड ते घेऊन पायी हिंडत असे.

ते नकाशे पलंगावर पसरले. आयव्हरने बोट ठेवले आणि तो निघाला. ही गल्ली, येथे कुंपणाला फळी, पुढे चढण, चढण संपली की खाली सेव्हर्न दिसते. हेलनबाईही बोटाने त्याच्याबरोबर चालत राहिल्या. पाऊण तासाची ही भेट नव्हे. संबंध भेट त्यांनी त्या टेकड्यांवर घालविली. त्या स्त्रीने उपदेश केला नाही, धीर धरा असेही सांगितले नाही. नंतरही त्या अनेकदा गेल्या, आणि प्रत्येक वेळी नकाशे नेले.

जेराल्ड फिन्झी नावाच्या एका तरुण रचनाकाराने स्लीप हे गीत ऐकले होते आणि ते त्याच्या मनातून गेले नाही. आयव्हरशी कसलेही नाते नसताना त्याने व त्याच्या पत्नीने विखुरलेली हस्तलिखिते लावण्याचे काम अंगावर घेतले. फिन्झी ज्यू घराण्यातील आणि धर्माविषयी साशंक. व्हॉन विल्यम्स ह्यांनी गीतपुस्तक संपादिले तरी त्यांची श्रद्धाही आपल्या अर्थाने श्रद्धा नव्हती. यरीहोच्या वाटेवरील शोमरोन्याची गोष्ट ज्यांना वर्गात शिकवावी लागते त्यांनी हेही मनाशी ठेवावे. फिन्झीच्या प्रयत्नांनी लंडनच्या म्युझिक अँड लेटर्स ह्या नियतकालिकाने आयव्हरवर लेखमाला काढण्याचे ठरविले आणि गीतांचे दोन खंडही छपाईस गेले. १९३७ च्या नोव्हेंबरअखेर लेखांची मुद्रिते डार्टफर्डला पोहोचली. क्षयाने आयव्हरचे बळ इतके खचले होते की, त्याला पुडके सोडवेना. तो एवढेच म्हणाला की आता उशीर झाला.

२६ डिसेंबर १९३७ च्या पहाटे, नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, तो वारला. वय सत्तेचाळीस.

त्याला ग्लॉस्टरला परत आणले. शहराबाहेर ट्विगवर्थ येथे संत मत्तयाचे मंदिर आहे. तेथे वर्षाच्या शेवटच्या दिवशी दफनविधी झाला. बालमित्र हॉवेल्सने ऑर्गनवर आयव्हरच्याच चाली वाजविल्या. विधी चालविणारे पाळक होते रेव्हरंड आल्फ्रेड चीझमन. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी जागा रिकामी होती म्हणून जे त्या बाळाचे धर्मपिता झाले, त्यांनीच आता कबरेच्या काठी उभे राहून ते शब्द वाचले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९३८ साली गीतांचे पहिले दोन खंड निघाले. नंतर १९५२, १९५९ आणि १९७९ साली आणखी. मिस स्कॉट १९५३ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी वारल्या. १९८२ साली त्याच्या कवितांचा मोठा संग्रह निघाला, आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पहिल्या महायुद्धातील सोळा कवींच्या नावांची शिळा बसविण्यात आली. तिच्यावर गर्नी हे नाव आहे. त्याचे कागद आता ग्लॉस्टरच्या दप्तरखान्यात सांभाळून ठेवलेले आहेत. आणि ज्या कॅथीड्रलमध्ये तो दहा वर्षांचा असताना पांढरा झगा घालून उभा राहिला, तेथील एका उपमंदिरात २०१४ साली टॉम डेनी ह्या कारागिराने रंगीत काचेच्या आठ झरोक्यांची खिडकी केली. तिच्यातील चित्रे आयव्हरच्या जीवनावरून व कवितांवरून घेतलेली आहेत.